आवाजाला तीन दिवस विश्रांती

“गेज.”

“गॉज.”

“गेज, सर. ‘पेज’सारखं.”

“मग त्यात मधे ए-यू कशाला घातलंय?” हिंगमिरे सरांनी मला विचारलं. जणू ती अक्षरं मीच घातली होती.

“ते त्यांनाच माहीत.”

“तेवीस वर्षं झाली, टेंभेकर सर. रोज सकाळी साडेआठला त्या रेनगॉजमधला पाऊस मोजतो मी. त्यानं कधी तक्रार केली नाही.”

“कमिटी करेल, सर.”

कमिटीचं नाव काढलं की त्या महिन्यात आमच्या कॉलेजात कुणीही गप्प व्हायचं.

दोन हजार दहा सालचा सप्टेंबर होता. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. पंधरा ऑक्टोबरला तिघांची मूल्यांकन समिती येणार होती, आणि तिच्या शेऱ्यावर कॉलेजची श्रेणी ठरणार होती. त्यामुळे वर्षानुवर्षं न झालेल्या गोष्टी रोज होत होत्या. भिंतींना रंग लागला. ग्रंथालयाचं कुलूप उघडलं. झाडांना शास्त्रीय नावांच्या पाट्या ठोकल्या, त्यात शेजारशेजारच्या दोन कडुनिंबांना दोन वेगवेगळी नावं मिळाली. आणि प्राचार्य कोठुळे सरांनी फर्मान काढलं की प्रत्येक विभागप्रमुखानं समितीपुढे पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. ज्यांना जमत नाही त्यांना टेंभेकर शिकवतील.

टेंभेकर म्हणजे मी. वय एकोणतीस, एम.ए. इंग्रजी, नोकरी तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, नाही घेतला तर रस्त्यावरचा माणूस. माझी खरी पात्रता म्हणजे सहा सीडींचा एक संच. लातूरला शिकत असताना भाड्याच्या खोलीत त्या सीडीतल्या लंडनच्या बाईंमागे मी दोन वर्षं बोललो होतो. आयुष्यात एकाही इंग्रजाशी माझी गाठ पडली नव्हती, पण पडली असती तर त्याला मी त्याच्याच गल्लीतला वाटलो असतो. बाई उच्चार शिकवायच्या आणि आत्मविश्वासही. त्यांचा मुख्य नियम असा होता, की बोलताना कागदाकडे पाहायचं नाही, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहायचं. खाली पाहिलंत की संपलात.

भूगोलाचे हिंगमिरे सर बावन्न वर्षांचे, ठेंगणे, कॉलेजात सायकलवर येणारे. त्यांच्या विभागात तिसऱ्या वर्षाला अकरा विद्यार्थी होते आणि संस्थेला तो विभाग बंद करायचा होता. एकच आशा होती. सरांनी तेवीस वर्षं तालुक्यातल्या साठ विहिरींची पाणीपातळी मोजली होती, वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात. मुलांना घेऊन ते खेड्यापाड्यांत फिरायचे, वजन बांधलेली दोरी विहिरीत सोडायचे आणि आकडा रजिस्टरात लिहायचे. अशी तेवीस रजिस्टरं होती. समितीनं ‘इथं संशोधन केंद्र व्हावं’ एवढी एक ओळ लिहिली असती तर विभाग वाचला असता.

“त्या एका ओळीसाठी म्या गेजच काय, गेंडा पण म्हणतो,” सर म्हणाले. “घ्या पुन्हा.”

आम्ही रोज चार वाजता भूगोलाच्या खोलीत बसायचो. मी त्यांना बारा वाक्यं लिहून दिली. व आणि व्ह यांतला फरक दाखवायला आरसा आणला, प साठी मेणबत्ती आणली. नीट प म्हटला तर ज्योत हलते. एका संध्याकाळी सरांनी सलग तीन वेळा ज्योत विझवली आणि लहान मुलासारखं माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं. मी चांगला शिक्षक होतो, असं तेव्हा माझं मत होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येऊनही मी लक्षात घेतली नाही. मी येण्यापूर्वी सर इंग्रजी बोलायचे. चुकीचं बोलायचे, पण बोलायचे. एकदा विद्यापीठातून आलेल्या कुणाला तरी ते पाऊण तास विहिरींबद्दल सांगत होते. गॉज, विहिरीला व्हेल, मोजमापाला मेजर, सगळा धुरळा उडवत चालले होते आणि तो माणूस वहीत लिहून घेत होता. आता ते प्रत्येक शब्दाआधी थांबू लागले. शब्द बरोबर यायचा, पण त्याच्या अलीकडे एक खड्डा पडायचा. पुढे पुढे खड्डे मोठे झाले आणि शब्द कमी.

“हे थांबणं जाईल हळूहळू,” मी म्हणालो.

“पूर्वी तोंडात यायचं ते बाहेर यायचं,” सर म्हणाले. “आता मधे तुम्ही उभे असता.”

मी हसलो. ते हसले नव्हते.

दहा तारखेला रंगीत तालीम झाली. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब समितीच्या खुर्चीत बसले. दोन्ही बाजूंना दोन संचालक. तिघांचंही इंग्रजी ‘थँक्यू’पाशी संपत होतं, पण खुर्चीत बसल्यावर माणसाला परीक्षा घेता येते.

सर उभे राहिले. पहिली दोन वाक्यं बरोबर गेली. तिसऱ्या वाक्यात ‘रेन’ आलं आणि सर थांबले. मी मागून ओठांनी ‘गेज’ म्हणत होतो. त्यांना दिसतही होतं. त्यांचे ओठ गॉजसाठी गोल झाले, मग गेजसाठी ताणले गेले, मग पुन्हा गोल झाले. आवाज काही आला नाही. पंखा गरगरत होता. कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर आला, तरी सर तसेच उभे.

“काय, बॅटरी उतरली का गुरुजींची?” भाऊसाहेब म्हणाले. संचालक हसले. प्राचार्यही थोडं हसले, पदाला शोभेल इतपत.

नंतर केबिनमध्ये प्राचार्य मला म्हणाले, “पंधराला हिंगमिरेंना रजेवर पाठवतो. भूगोलाचं तुम्ही बोला.”

“सर, काम त्यांचं आहे. ते नसले तर कसं दिसेल?”

“आणि असले तर कसं दिसेल ते पाहिलंत ना आत्ता?”

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आजही मी तिला युक्ती म्हणतो, दुसरा शब्द वापरायला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. मी म्हणालो, सरांचा घसा बसलाय असं सांगू. डॉक्टरांचं सर्टिफिकेट ठेवू. सर बसतील, समितीला दिसतील, त्यांच्या वतीनं मी बोलेन. कुणाचा अपमान नको आणि कामही होईल.

प्राचार्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. “टेंभेकर, तुम्ही परमनंट व्हायला पाहिजे,” ते म्हणाले.

सरांना मीच सांगितलं. ते रजिस्टराला कव्हर घालत होते. डिंकाची बोटं पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी मुका?”

“एक दिवस, सर. तुमच्याच विहिरींसाठी.”

“आणि त्यांनी काही विचारलं तर?”

“सगळे आकडे मला पाठ आहेत, सर.”

“आकडे...” सर म्हणाले आणि थोडं थांबले. मला वाटलं, नेहमीचा खड्डा. “बरं. तुम्हाला येतं तसं मला आता येणार नाही, हे खरंच आहे.”

डॉक्टर इनामदार सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी घशात न बघताच लिहून दिलं: ‘स्वरयंत्राला सूज. आवाजाला तीन दिवस पूर्ण विश्रांती.’ एका दिवसाचं लिहिलं तर खोटं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

पंधरा तारखेला उकाडा असा होता की कार्यालयातला टाइपिस्ट बनियनवर बसायला तयार झाला होता. त्या उकाड्यात हिंगमिरे सर गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून भूगोलाच्या खोलीत बसले होते. टेबलावर तेवीस रजिस्टरं आणि सर्टिफिकेट, पेपरवेटखाली.

समितीचे अध्यक्ष मोहंती, ओडिशाकडचे निवृत्त प्राध्यापक, सत्तरीचे. विषय भूजल. ते आत आले, मफलर पाहून हळहळले, सरांच्या हातावर हात ठेवला आणि मग बोलायला लागले.

त्यांचं इंग्रजी त्यांच्या गावचंच होतं. झिरोला ते जिरो म्हणत होते. ‘मेजर’ तर थेट हिंगमिरे सरांचाच. सीडीतल्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी पाणी मागितलं असतं. पण गृहस्थ कुठं अडत नव्हते की चाचरत नव्हते. बैलगाडी जशी खडीवरून जाते तसे खडखडत मुक्कामाला पोचत होते, आणि त्यांच्याबरोबर आलेले दोन विद्वान माना डोलावत होते.

हिंगमिरे सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मी बोललो. बारा वाक्यांची मी तीस केली. उच्चार असे निघाले की दारात उभे असलेले प्राचार्य डोळे मिटून ऐकत होते. मोहंती मात्र माझ्याकडे फार पाहत नव्हते. ते रजिस्टरं चाळत होते, चष्मा कपाळावर चढवून. एका पानापाशी थांबले. मग त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं.

त्यांनी विचारलं ते असं: दोन हजार चार साली पाऊस कमी दिसतो. पुढच्या मेमध्ये सगळ्या विहिरी खाली गेल्या आहेत. मग या एकाच गावच्या, सावरखेड्याच्या, सहा विहिरींत पाणी वर कसं?

मला आकडे पाठ होते. कारण पाठ नव्हतं. कारण असतं, हेही मला त्या क्षणी कळलं.

शेजारी सर हलले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि बोटानं दोनदा टकटक केलं. मला वाटलं, आकडा दाखवताहेत. आकडा तर मला माहीत होता. मी खाली पाहिलं नाही. मी मोहंतींच्या डोळ्यांत पाहत होतो, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, स्थिर आणि प्रसन्न. आणि स्वच्छ इंग्रजीत मी म्हणालो की हे मोजमाप हातानं, विद्यार्थ्यांकरवी होत असल्यामुळे काही ठिकाणी मानवी चूक शक्य आहे.

“ओ,” मोहंती म्हणाले. “एरर.”

सरांच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. शब्द नव्हता, शब्दाची सुरुवात होती. प्राचार्य दारातून झेपावले आणि त्यांनी सरांचे खांदे दाबले. “नो सर, नो सर! रेस्ट! डॉक्टर हॅज सेड!” मग मोहंतींना, “सर, टी इज रेडी.”

मोहंतींनी रजिस्टर मिटलं. उघडताना जेवढ्या हळू उघडलं होतं तेवढ्या हळू नाही.

चहापानाच्या वेळी ते माझी पाठ थोपटून प्राचार्यांना म्हणाले, तुमचा हा तरुण रेडिओवरच्यासारखा बोलतो. प्राचार्यांनी हे वाक्य पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं.

समिती गेल्यावर मी भूगोलाच्या खोलीत गेलो. सर एकटेच बसले होते. मफलर तसाच.

“सर, काढा आता तो. गेले सगळे.”

त्यांनी सर्टिफिकेटाकडे बोट केलं. तीन दिवस.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशीही ते मफलर गुंडाळून आले. तास घेतले, ते फळ्यावर लिहून. मुलांनी हजेरीला स्वतःच उठून नावं सांगितली. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, “हिंगमिरे, खोटं सर्टिफिकेट इतकं कुणी पाळतं का?” सरांनी फक्त मान हलवली. तीन दिवस त्या माणसाच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. घरीसुद्धा नाही, असं त्यांच्या मिसेस माझ्या बायकोला भाजीबाजारात म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला मी मैदानात गेलो. कुंपणाच्या आत त्यांचा तो पत्र्याचा नळकांड्यासारखा रेनगेज होता. सर वाकून आतली बाटली पाहत होते. गळा मोकळा होता. आठवडाभर आभाळात ढगाचं पोर नव्हतं, तरी त्यांनी बाटली काढली, पाहिली, ठेवली आणि खिशातल्या वहीत लिहिलं: निरंक.

“सर,” मी म्हणालो, “त्या दिवशी...”

त्यांनी हात वर केला आणि ते बोलायला लागले. इंग्रजीत.

“इन दॅट इयर,” ते म्हणाले, “माय रेनगॉज वॉज शोइंग लेस रेन. करेक्ट. बट इन सावरखेडा, द डीपी वॉज बर्न्ट.”

गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, आमच्याकडे डीपी म्हणतात त्याला, पुढच्या फेब्रुवारीत जळाला आणि जूनपर्यंत दुसरा बसला नाही. चार महिने एकही मोटर चालली नाही. कुणाला पाणी उपसताच आलं नाही, म्हणून विहिरीत पाणी राहिलं आणि काठावरचा भुईमूग वाळला. सर दोनदा जाऊन स्वतः पाहून आले होते, दुसऱ्यांदा वेगळी दोरी घेऊन. म्हणजे पाऊस, उपसा आणि पातळी हे तीन वेगवेगळे धागे आहेत, हे त्या सहा विहिरींनी सिद्ध केलं होतं. तेवीस वर्षांतलं सगळ्यांत मोलाचं पान तेच होतं. हे सगळं त्यांनी मला चारपाच मिनिटांत सांगितलं. गॉज तीनदा आला, मेजर सातआठदा. ते कुठंही थांबले नाहीत. मला शब्दन् शब्द समजला.

मग ते मराठीत आले. “शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय सगळं. मराठीत आहे, पण आहे. माझं बोट कुठं होतं, बघितलं नाही तुम्ही?”

“मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो, सर.”

“व्हय,” सर म्हणाले. “चांगलं बघत होता.”

त्यांनी शर्टच्या खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं. उघडंच होतं. “मोहंती साहेबांना पत्र लिहिलंय. त्यांचा रिपोर्ट व्हायला महिना आहे, तोवर पोचलं पाहिजे. स्पेलिंगं डिक्शनरीत बघितलीत मी. पण एकदा तुम्ही नजर फिरवून द्या.”

“तुम्ही आत्ता जे बोललात सर, तसंच असेल तर बघायचीही गरज नाही.”

“नाही नाही. पूर्वीची गोष्ट वेगळी होती. आता माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला. तुम्ही बरोबर म्हणा, मग टाकतो.”

मी पाकीट घेतलं.

त्याच आठवड्यात माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत लागली होती. माझ्या नावाची शिफारस त्या पाच मिनिटांवर उभी होती आणि त्या पाच मिनिटांत मी एक चूक केली होती, असं लिहिलेलं पत्र माझ्या बॅगेत होतं. निदान तसं ते असणार, असं मी धरून चाललो. उघडून पाहिलं नाही. सरांनी चार दिवसांनी विचारलं, “बघितलं का?” मी म्हणालो, “बघतोय, सर.” आणखी एका आठवड्यानं विचारलं, “काही फार चुका आहेत का?” मी म्हणालो, “थोड्या आहेत.” त्यांचं तोंड उतरलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी रिपोर्ट आला. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. अध्यापकांच्या इंग्रजी संभाषणकौशल्याचं खास कौतुक होतं. भूगोलाबद्दल एकच ओळ होती: विभागाच्या क्षेत्रीय नोंदींची विश्वासार्हता तपासून घ्यावी.

माझी ऑर्डर आली त्या दिवशी मी ते पत्र वाचलं. दीड पान. चूक एकही नव्हती. मी दोनदा शोधली, सवयीनं. त्यात डीपी होती, सहा विहिरींच्या मालकांची नावं होती, आणि शेवटी लिहिलं होतं की माझ्या तरुण सहकाऱ्यानं उत्तम मांडणी केली; हे कारण मी त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं, घसा बसल्यामुळे ते राहून गेलं, तरी दोष माझा समजावा.

दोन वर्षांनी विभाग बंद झाला. सरांना पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरवर टाकलं, तिथून ते निवृत्त झाले. रजिस्टरं त्यांनी रिक्षात घालून घरी नेली. रेनगेज नेता आला नाही, कारण त्याची नोंद कॉलेजच्या डेड स्टॉकमध्ये होती. आता सर नाहीत. पत्र माझ्याकडे आहे.

भूगोलाच्या खोलीत आता इंग्रजी संभाषण केंद्र आहे. मी त्याचा प्रमुख. पहिली बॅच सकाळी साडेआठची. खिडकीतून कुंपणातलं ते नळकांडं दिसतं. पावसाळ्यात ते भरतं, वाहतं, पुन्हा भरतं.

यंदा जुलैत एका मुलीनं खिडकीकडे बोट करून विचारलं, “सर, ते पत्र्याचं काय आहे?”

बत्तीस मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी जसं म्हणेन तसं म्हणायला आलेली.

“रेनगॉज,” मी म्हणालो.

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.